पिंजऱ्यासमोरचा बिनपगारी मास्तर

रविवारी दुपारी कोणत्याही प्राणिसंग्रहालयात बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी पाच मिनिटे उभे राहून नुसते कान दिले, तर आपल्या लोकशिक्षणाची अवस्था कळून येते. मुलाला खांद्यावर घेतलेला बाप छातीठोकपणे सांगत असतो, "तो बघ चित्ता!" मागे उभी असलेली दुसरी दोन कुटुंबेही तो शब्द उचलतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे निघून जातात. चित्ता हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते आणि २०२२ मध्ये तो नामिबियातून आणून कुनोच्या अरण्यात सोडण्यात आला, ही गोष्ट त्या मुलाच्या कानावर जात नाही. पिंजऱ्यावर फलक असतो. त्यावर प्राण्याचे नाव, शास्त्रीय नाव, आहार व वसतिस्थान लिहिलेले असते. तो वाचायला कोणी थांबत नाही, कारण माणूस फलकापेक्षा माणसाचे बोलणे अधिक ऐकतो, आणि तेथे बोलणारा माणूस म्हणजे तो बापच असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्वयंसेवक मार्गदर्शक तयार करावेत, ही कल्पना आपल्याकडे अधूनमधून मांडली जाते. आज तिला विशेष अनुकूल काळ आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांची जी फेररचना चालू आहे, तीत क्षेत्रकार्य व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. हजारो विद्यार्थ्यांना असे काम कोठे द्यावयाचे, या विवंचनेत महाविद्यालये आहेत. दुसऱ्या बाजूला प्राणिसंग्रहालयांकडे गर्दी उदंड आणि ती गर्दी शहाणी करणारी माणसे मोजकी आहेत. दोन गरजू एकमेकांसमोर उभे ठाकले की व्यवहार जुळतो, हे अर्थशास्त्राचे पहिलेच पान सांगते. तथापि व्यवहार जुळणे आणि तो लाभाचा ठरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या योजनेचे सर्वांत मोठे आकर्षण 'ती फुकट आहे' हे मानले जाते. नेमके तेच गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम या संस्थांचे प्रयोजन लक्षात घेतले पाहिजे. राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली लोकांसाठी खुले झाले. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ सालचे. त्या काळी प्राणिसंग्रहालय हे राजेरजवाड्यांच्या हौसेचे अथवा नगराच्या वैभवाचे लक्षण होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालये प्रथमच केंद्रीय नियंत्रणाखाली आली, आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने लोकशिक्षण हे या संस्थांचे एक कर्तव्य ठरवले. म्हणजे नुसत्या करमणुकीसाठी वाघ कोंडून ठेवण्याला आज नैतिक आधार उरलेला नाही. तो कोंडायचाच असेल, तर संवर्धन, संशोधन वा शिक्षण यांपैकी काहीतरी पदरात पडले पाहिजे. शिक्षण घडत नसेल, तर वाघाचे आयुष्य आणि करदात्याचा पैसा दोन्ही वाया जातात, असेच म्हणावे लागेल.

या बाबतीत अमेरिकेचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो अर्धवट दिला जातो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात १९५८ साली एका सिंहाने लहान मुलीचा बळी घेतला. त्याच वर्षी, संस्थेची दैन्यावस्था सुधारावी म्हणून शहरातील नागरिकांनी 'फ्रेंड्स ऑफ द नॅशनल झू' हे मंडळ उभारले. पुढे या मंडळाने शाळकरी मुलांना प्राणी दाखवून आणणारे मार्गदर्शक तयार केले. चीनकडून १९७२ साली आलेल्या पांडांच्या जोडीचे वर्तन तासन्‌तास न्याहाळून त्याची टिपणे ठेवण्याचे कंटाळवाणे कामही पुढे स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. येथपर्यंतची कथा आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. परंतु हे मंडळ नुसत्या सदिच्छेवर चालत नव्हते. सभासदांची वर्गणी, वाहनतळाचे भाडे, खाद्यपदार्थांची विक्री असे उत्पन्नाचे मार्ग त्याच्या हाती होते आणि त्यांतून पगारी व्यवस्थापक नेमलेले होते. करोनाच्या साथीत ते उत्पन्न आटले आणि २०२१ मध्ये मंडळाची व संग्रहालयाची त्रेसष्ट वर्षांची भागीदारी संपुष्टात आली. स्वयंसेवेच्या पाठीशी पैसा लागतो, हे यावरून उघड होते.

आपल्याकडे हा पैसा किती लागेल, याचा एक काल्पनिक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या प्राणिसंग्रहालयाने तीस तरुण निवडले आणि त्यांना चाळीस तासांचे शिक्षण दिले. वर्षअखेर त्यांतील दहाजण टिकले. गळतीचे हे प्रमाण अवास्तव नाही, कारण परीक्षा, नोकरी, लग्न आणि निव्वळ कंटाळा या चार गोष्टी कोणत्याही स्वयंसेवी कामाच्या मुळावर येतात. हे दहाजण महिन्यातून दोन रविवार, दर वेळी तीन तास काम करतात असे धरले, तर वर्षाचे ७२० तास होतात. उलट एक पगारी मार्गदर्शक वर्षाचे २८० दिवस, रोज आठ तास कामावर असतो. त्यातील निम्मा वेळ पूर्वतयारी व कागदपत्रांत गेला असे मानले तरी ११२० तास तो लोकांसमोर उभा राहतो. म्हणजे तीस माणसे शिकवून, त्यांचे वेळापत्रक आखून, गैरहजरांच्या जागी बदली शोधून हाती लागते ती जेमतेम दोन-तृतीयांश माणसाची मजुरी. स्वयंसेवकांमुळे पगार वाचतो, असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

मग ही योजना सोडूनच द्यावी काय? तसे नाही. तिचा लाभ दुसऱ्या ठिकाणी आहे. प्राणिसंग्रहालयाची गर्दी ही विजेच्या मागणीसारखी असते. मंगळवारी सकाळी पिंजऱ्यांपुढे शुकशुकाट, आणि रविवारी, दिवाळीत, मे महिन्याच्या सुट्टीत पाय ठेवायला जागा नाही. रविवारच्या गर्दीला पुरतील एवढी कायम माणसे नेमली, तर आठवड्याचे बाकीचे दिवस ती बसून राहतील. मंगळवारच्या हिशेबाने नेमली, तर रविवारी ती बुडून जातील. विद्यार्थी, शिक्षक आणि कारकून यांना नेमका रविवारच मोकळा असतो. ज्या दिवशी मागणी शिगेला पोचते, त्याच दिवशी पुरवठाही उपलब्ध होतो, असा योग अर्थव्यवहारात क्वचित जुळून येतो. तेव्हा स्वयंसेवक हा कायम नोकराला पर्याय ठरत नाही. तो त्याच्या कामाला रविवारची जोड देतो. हा भेद धोरणात स्पष्ट लिहिला गेला नाही, तर पुढची सारी इमारत तिरपी उभी राहील.

आता प्रश्न उरतो तो या मंडळींना शिकवायचे काय, हा. येथे आपल्या संस्था हमखास चुकतात. एक जाडजूड पुस्तिका छापावयाची, तीत प्रत्येक प्राण्याचे वजन, उंची, गर्भधारणेचा काळ द्यावयाचा आणि तो मजकूर पाठ करून घ्यावयाचा, ही आपली प्रशिक्षणाची कल्पना. फलकावरील माहिती मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस तयार करणे, एवढेच त्यातून साधते. अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली वारसास्थळांच्या मार्गदर्शनावर जे पुस्तक लिहिले, त्यातील मध्यवर्ती विचार असा होता की मार्गदर्शकाचे काम माहिती ओतण्याचे नसून ऐकणाऱ्याचे कुतूहल चाळवण्याचे आहे. हा विचार आपल्या मातीत उतरवायचा, तर मराठी भाषेतच पुरेशी सामग्री आहे.

चितळ आणि काळवीट शेजारी शेजारी उभे असतात आणि लोक दोघांनाही 'हरीण' म्हणून मोकळे होतात. मराठी निसर्गलेखकांनी या दोन कुळांना सारंग व कुरंग अशी सुंदर नावे दिली आहेत. चितळ, सांबर हे सारंग होत. त्यांच्या नरांची शिंगे फांद्यांची असतात, ती दर वर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय हे कुरंग. त्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. गळून पडलेले सांबरशिंग एखाद्या मुलाच्या हातात दिले आणि 'हे कशामुळे पडले असेल?' एवढेच विचारले, तर पुढची दहा मिनिटे ते मूल स्वतःच प्रश्न विचारीत राहील. त्यासाठी पुस्तिकेची गरज नाही, विचारणाऱ्याला थोडी उसंत मात्र हवी.

याहून अवघड आहे ते ऐकणाऱ्याचा अनुभव ओळखणे. पुण्याच्या कात्रज प्राणिसंग्रहालयात येणाऱ्यांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांतील शेतकरी कुटुंबे असतात. त्यांना बिबट्या पिंजऱ्यात पाहण्याचे अप्रूप नसते, कारण तो त्यांच्या उसात राहतो. गावाकडे त्याला सर्रास 'वाघ'च म्हणतात. त्यांच्यासमोर एखादा शहरी तरुण बिबट्याच्या रक्षणाचे पाठ केलेले भाषण करू लागला, तर 'आमच्या शेळीचे काय आणि रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाचे काय?' हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. अशा वेळी मार्गदर्शकाला जुन्नर परिसराचा इतिहास ठाऊक असावा लागतो. बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा उपाय तेथे करून पाहण्यात आला, आणि त्यानंतर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले. परक्या मुलखात सोडलेले जनावर बिथरते आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरे जनावर घेते, ही गोष्ट शेतकऱ्याला समजण्यासारखी आहे. किंबहुना ती शहरातल्या माणसापेक्षा त्यालाच लवकर समजेल, फक्त ती सांगणाऱ्याने त्याच्या भीतीला अडाणीपणा समजता कामा नये.

सापांच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट जीविताशी जाऊन भिडतो. कात्रजच्या सर्पोद्यानाने १९८६ पासून पुणेकरांच्या दोन पिढ्यांना नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी जाती ओळखायला शिकवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांत आणि पावसाळ्यात होतात. सर्पविषावरील लस मुंबईच्या हाफकिन संस्थेत दीर्घकाळ तयार होत आली आहे. तरीही दंश झालेला माणूस आधी मांत्रिकाकडे आणि मग रुग्णालयात नेला जातो, आणि मधले दोन तास जातात ते कायमचेच. काचेपलीकडील घोणस पाहून थरारलेल्या माणसाला त्याच क्षणी 'जखम कापू नका, करकचून बांधू नका, हातपाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा' असे कोणी सांगितले, तर ते तो विसरत नाही. या एका वाक्याची किंमत तिकिटाच्या दरात कोठेच धरलेली नसते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य लाभ म्हणतात, त्याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. ज्या सेवेचा लाभ ती विकत घेणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही, ती बाजारावर सोडली तर पुरेशी निर्माण होत नाही. म्हणून सार्वजनिक खर्चातून मार्गदर्शक घडवण्याचे समर्थन करता येते.

गर्दी आवरणे हाही या शिक्षणाचा भाग मानला पाहिजे. प्राण्यांना चिडवणे, खाऊ घालणे, आरडाओरडा करणे याला १९९१ च्या दुरुस्तीनेच मनाई केली आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवली. ती तरतूद किती प्रेक्षकांना माहीत आहे? सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला. वाघ काही मिनिटे नुसता त्याच्यासमोर उभा होता, वरून लोक ओरडत होते, दगड मारीत होते, आणि कित्येकजण हातातल्या दूरध्वनीवर चित्रण करीत होते. अखेर तो तरुण प्राणास मुकला. तेथे एखादा स्वयंसेवक असता तर तो वाचला असता, असे म्हणण्याला आधार नाही. परंतु जमावाला गप्प कसे करावे आणि रक्षकाला निरोप कसा पोचवावा, हे जाणणारा एकही माणूस त्या कठड्याशी नसावा, ही अवस्था लाजिरवाणी आहे.

प्रशिक्षणातील सर्वांत नाजूक भाग मात्र खरे बोलण्याचा आहे. अस्वल पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासन्‌तास येरझारा घालते, तेव्हा मुले विचारतात, 'ते असे का करते?' त्याचे प्रामाणिक उत्तर असे की कोंडलेपणामुळे व करण्यासारखे काही नसल्यामुळे प्राण्यांना ही सवय जडते. चांगल्या संस्था त्यावर पिंजऱ्यात ओंडके, लपवलेले अन्न, चढण्याच्या जागा असे उपाय करतात. हे उत्तर देण्याची मुभा स्वयंसेवकाला असेल काय? राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले गेले आणि त्यांतील एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. लोकांनी प्रश्न विचारले, वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. पुढे २०१७ मध्ये प्रवेशाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेले, तेव्हाही चर्चा झाली. अशा काळात काचेसमोर उभ्या असलेल्या मार्गदर्शकाने काय सांगावे? 'वरिष्ठांना विचारा' हे उत्तर असेल, तर तो मार्गदर्शक नव्हे, संस्थेचा जाहिरातदार झाला. पगारी नोकरावर सेवाशर्तींचे ओझे असते. स्वयंसेवकाजवळ गमावण्यासारखी नोकरी नसते, आणि हीच त्याची मोठी उपयुक्तता ठरू शकते. ती हिरावून घेणारे हमीपत्र त्याच्याकडून लिहून घेतले जाणार असेल, तर चाळीस तासांचे शिक्षण पाण्यात गेलेच म्हणून समजावे.

स्वयंसेवा परवडते कोणाला, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी उच्चारीत नाही. शिकागोच्या कलासंग्रहालयात १९६१ पासून स्वयंसेवक मार्गदर्शकांची परंपरा होती. त्यांचे प्रशिक्षण दीड वर्ष चाले. सप्टेंबर २०२१ मध्ये संग्रहालयाने ही व्यवस्था एका पत्राने थांबवली आणि त्यांच्या जागी पगारी शिक्षक नेमण्याचे ठरवले. कारण असे की दीड वर्ष बिनपगारी शिकणे बहुतांशी सधन घरांतील, वयस्क, गोऱ्या स्त्रियांनाच शक्य होते आणि पाहुण्यांत मात्र सर्व थरांतील लोक होते. त्या निर्णयावर तेथे बरेच वादळ उठले. वर्षानुवर्षे निष्ठेने काम केलेल्या माणसांना एका पत्राने निरोप देणे असभ्यपणाचे होते, यात शंका नाही. परंतु मूळ प्रश्न खोटा ठरत नाही. भायखळा, लालबाग, नागपाडा येथील वस्त्यांतील मुले राणीच्या बागेत लहानपणापासून येतात, आणि त्यांतलाच एखादा विद्यार्थी तेथे मार्गदर्शक झाला तर तो पाहुण्यांशी त्यांच्याच बोलीत, मराठीत, हिंदीत वा दखनीत बोलेल. रविवारी चार पैसे मिळवून देणारी शिकवणी वा दुकानातील काम सोडून तो येणार कसा?

रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावरील आपल्या ग्रंथात असे मांडले की जे काम माणूस देणगी म्हणून करतो, त्याला किंमत लावली तर देण्याची प्रेरणाच मंदावते. हा मुद्दा वजनदार आहे. पण येण्याजाण्याचा खर्च आणि दुपारचे जेवण देणे म्हणजे कामाची किंमत लावणे नव्हे. खिशातले पैसे घालून सेवा करावी, ही अपेक्षा मात्र गरिबाला दाराबाहेर ठेवते. आपल्याकडील बहुतेक स्वयंसेवी उपक्रम मध्यमवर्गाच्या अंगणात का अडकून पडले, याचे एक कारण या बसभाड्यात दडले आहे.

श्रेयांकांचे आमिष हा त्याच प्रश्नाचा दुसरा पैलू होय. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, तीत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास देणे अपेक्षित असते. हे तास किती महाविद्यालयांत प्रत्यक्ष भरतात आणि किती ठिकाणी वहीत भरले जातात, हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको. प्राणिसंग्रहालयातील मार्गदर्शन त्याच वहीचे नवे पान होऊ नये, यासाठी प्रमाणपत्र महाविद्यालयाने न देता प्राणिसंग्रहालयाने, आणि तेही पिंजऱ्यासमोर प्रत्यक्ष परीक्षा घेऊन द्यावे. परीक्षक म्हणून प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाबरोबर त्या पिंजऱ्याचा रखवालदारही बसावा. वाघ सकाळी कोणत्या कोपऱ्यात असतो, कशाला घाबरतो आणि जेवण का टाकतो, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार? आपल्या संस्थांत या माणसाला बोलते करण्याची पद्धत नाही. प्रशिक्षणाचे पहिले चार तास त्याच्या हाती सोपवले, तरी पुष्कळ काम होईल.

स्थानिक स्वराज्य संस्थांची अंदाजपत्रके मंजूर होतात, तेव्हा प्राणिसंग्रहालयाच्या शीर्षाखाली बांधकाम, खाद्य, औषधे आणि वेतन यांच्या रकमा सापडतात. शिक्षणाचा स्वतंत्र रकाना सापडला तरी तो फलक रंगवण्यात संपतो. शिक्षणाधिकाऱ्याचे पद आधी भरावे, त्याच्या हाताखाली स्वयंसेवकांचे वेळापत्रक पाहणारा एक साहाय्यक द्यावा आणि त्यानंतर अर्ज मागवावेत, असा क्रम ठेवला तर या योजनेला अर्थ आहे. पद रिकामे ठेवून विद्यार्थ्यांची भरती करावयाची असेल, तर ती पदकपातच होय, आणि तिला विरोध करणारी कामगार संघटना चूक ठरणार नाही. पैशाचा प्रश्न फार मोठा नाही. पन्नास रुपयांच्या प्रत्येक तिकिटामागे एक रुपया या रकान्यात वळता केला, तर स्वयंसेवकांचे बसभाडे, जेवण आणि रखवालदाराच्या शिकवणीचा भत्ता त्यातून निघू शकेल.